एका मशीनवरचे दोन स्कर्ट

कर्नाटकच्या सीमेजवळच्या मुरुम गावातल्या त्या घरात शिलाई मशीन एकच होती आणि ती उमादेवीची होती. माहेरून आणलेली. पेठेतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज त्या मशीनवर शिवले जात, त्यामुळे घरात उमादेवीचा शब्द जरा जास्तच चालायचा. मशीनवर कुणी पाण्याचा तांब्या टेकवला तरी तिचं तोंड दिवसभर फुगलेलं असायचं. धाकट्या जावेनं, निकितानं, मशीनला हात लावायचा नाही हे कुणी बोलून ठरवलं नव्हतं, पण ठरलेलं होतं.

या वैराचं मूळ एका ब्लाउजात होतं. निकिता तेर गावाहून लग्न होऊन आली, तेव्हा पहिल्या पंचमीचा ब्लाउज उमादेवीनं तिला हौसेनं शिवून दिला होता. तो काखेत काचायला लागला. माहेरी गेल्यावर निकितानं तिथल्या शिंप्याकडून तो उसवून सैल करून घेतला. एवढंच. पण बातमीला पाय असतात. ती तेरहून चालत मुरुमला आली आणि एक गिऱ्हाईक उमादेवीला तोंडावर म्हणालं, "तुमच्या जावेलाच तुमची शिलाई चालत न्हाय म्हणं." त्याला आठ वर्षं झाली. मधल्या काळात दोघींनी एकमेकींच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू वळले, एकाच चुलीवर भाकरी भाजल्या, पण तो ब्लाउज काही उमादेवीच्या डोक्यातून गेला नाही. निकिताबद्दल काही वाकडं बोलायचं असलं की ती सासूशी, मल्लम्माशी, कानडीत बोलायची. तेरच्या पोरीला कानडी कुठून येणार? तिला आपलं नाव तेवढं कळायचं आणि सासूचं हसणं कळायचं.

दोघींच्या मुलींना मात्र या भानगडीची खबर नव्हती. उमादेवीची शांभवी आणि निकिताची गिरिजा एका पांघरुणात झोपायच्या आणि एकमेकींची उष्टी बोरं खायच्या. शाळेच्या गॅदरिंगसाठी सोनाली मॅडमनी नाच बसवला, तेव्हा दोघी हात धरून गरगर फिरतात ते बघून त्यांची जोडी पुढच्या ओळीत मधोमध घेतली. मग पालकांना निरोप आला. स्कर्ट गोल घेराचा हवा, जॉर्जेटचा हवा, फिरल्यावर छत्रीसारखा पसरला पाहिजे. ज्या मुलीचा स्कर्ट नीट नसेल तिला मागच्या ओळीत उभं करण्यात येईल.

निकितानं दोन दिवस मनाची तयारी केली आणि मग विचारलं. "अक्का, गिरिजाचाबी शिवता का? कापड म्या आणते."

उमादेवीनं दातांनी दोरा तोडला. "लगीनसराई हाय. ब्लाउजचा ढीग पडलाय बघ. शांभवीचाच कसा व्हतोय म्हणून बघायले." मग मशीनकडं बघतच म्हणाली, "आन् तुला माझी शिलाई काचती की."

निकिताच्या कानशिलापर्यंत आग गेली. "मग म्याच शिवते," ती म्हणाली. आजवर तिनं गुंड्या आणि हुकांपलीकडं काही शिवलं नव्हतं.

निकिता शेजारणीची मशीन मागायला निघाली, तेव्हा मल्लम्मानं तिला उंबऱ्यातच अडवलं. म्हातारीला सुनेचा पुळका आला होता असं नाही, तिला गल्लीतल्या तोंडांची भीती होती. "घरात मशीन असताना दुसऱ्याच्या दारात जायचं न्हाय. उमा, दुपारचं दे तिला."

सासूचा शब्द उमादेवीनं मोडला नाही. मशीन दिली. निकिता बसली, पायडल मारलं, सुई खालीवर झाली आणि कापडावर टाका काही उमटेना. खालच्या दोऱ्याची बॉबिन काढलेली होती. ती उमादेवीच्या कमरेला, किल्ल्यांच्या जुडग्यात होती. "मशीन मागितलीस, मशीन दिली," एवढंच ती म्हणाली. संध्याकाळी निकिताच्या नवऱ्यानं, शिवप्रसादनं, बाजारातून नवी बॉबिन आणून दिली आणि बायकांच्या भांडणात मला ओढू नका म्हणून तो बाहेर निघून गेला. पुरुषाला असं बाहेर जाता येतं.

कापड निकितानं सोप्यात फरशीवर मांडलं. फोन पाटाला टेकवून ठेवला होता आणि त्यावरच्या शिलाईच्या व्हिडिओतली बाई फार भरभर बोलत होती. कापड चार पदरी घडी घालायचं, घडीच्या टोकाशी कमरेची गोलाई काढायची, तिथून उंची मोजून खालचा घेर काढायचा. जॉर्जेट हातातून निसटत होतं, एक पदर सरळ केला की दुसरा सरकायचा. कमरेच्या गोलाईचं माप सांगत असताना नेमका फोन अडकला. निकितानं आपलंच डोकं लावलं. चार पदर आहेत, तर कमरेचा चौथा हिस्सा घ्यायचा. त्यात चूक काय असणार? तिनं टोकापासून तेवढं मोजून खडूनं कमान काढली.

उमादेवी समोरच ज्वारी निवडत बसली होती. सुती कापडाचे अंब्रेला फ्रॉक तिनं डझनानं शिवलेले. चौथा नव्हे, सहावा हिस्सा घ्यायचा असतो, चौथा घेतला की कमरेला हे भलं मोठं भगदाड पडतं, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. तिचा हात सुपात थांबला. निकितानं मान वर करून विचारलंही, "अक्का, बरोबर हाय का हो?" उमादेवीनं तिच्याकडं बघितलं, खडूच्या रेघेकडं बघितलं आणि सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. निकिताला वाटलं, चुकलं असतं तर ही बाई हसल्याशिवाय राहिली नसती. तिनं कात्री चालवली.

कापड उलगडलं तेव्हा त्या भोकातून गिरिजा खांद्यासकट आरपार गेली असती.

"मला तवाच वाटलं," उमादेवी सूप झटकत उठली. "पण तू शिकायलीस. मधी कशाला बोला." आत जाऊन ती सासूशी कानडीत बोलली आणि दोघी हसल्या.

निकिता मोरीत जाऊन रडली. कापडासाठी नाही. एका बाईनं डोळ्यांदेखत आपल्या पोरीचा स्कर्ट वाया जाऊ दिला आणि तिला त्याचं सुख झालं, यासाठी. तोंड धुताना तिनं मनाशी पक्कं केलं की एक दिवस या बाईचं उट्टं काढायचं, आणि काढताना मागंपुढं बघायचं नाही.

स्कर्ट मात्र वाया गेला नाही. तिनं दहादा तो व्हिडिओ बघितला, बाईला थांबवून थांबवून बघितला. मोठ्या कमरेला आतून नेफा जोडला, त्यात इलॅस्टिक ओवलं, कमरेला बारीक चुण्या पडल्या. तीनदा उसवलं. एकदा सुई बोटात गेली. गिरिजाला घालून बघितला तर कमरेशी जरा फुगत होता, पण फिरल्यावर असा काही पसरला की मल्लम्मासुद्धा पान चघळायची थांबली.

व्हिडिओच्या शेवटी त्या बाईनं आणखी एक गोष्ट सांगितली होती. गोल कापलेलं कापड कुठं सरळ असतं, कुठं उरेब, म्हणजे तिरकं. उरेब भाग आपल्याच वजनानं खाली ओघळतो, आणि जॉर्जेटसारखं मऊ कापड तर फार. म्हणून खालची दुमड लगेच घालायची नाही. एक रात्र तरी स्कर्ट टांगून ठेवायचा, ओघळेल तेवढा ओघळू द्यायचा, मग खालून सारखा कापून दुमड घालायची. निकितानं तो आपल्या खोलीत खुंटीला टांगला. सकाळी बघते तर खरंच दोन बाजूंनी कापड चांगलं बोटबोट उतरलं होतं. गिरिजा टाळी वाजवून म्हणाली, "आई, ह्याला शेपट्या फुटल्या." दोघी मायलेकी हसल्या. निकितानं शेपट्या कापल्या, दुमड घातली आणि स्कर्ट पेटीत ठेवला.

उमादेवी ब्लाउजच्या ढिगातून मोकळी झाली ती गॅदरिंगच्या आदल्या संध्याकाळी. हात सराईत होता तिचा. बघता बघता कापलं, कमरपट्टी जोडली. कमर अशी बसली की निकिताच्या फुगलेल्या कमरेला तोंड लपवायला जागा उरली नसती. आणि लगेच, मशीनवरून न उठता, ती खालची दुमड घालायला लागली. सुती फ्रॉकला ते चालून जायचं. जॉर्जेटचा गोल स्कर्ट तिनं जन्मात शिवला नव्हता.

निकिता दारात लसूण सोलत बसली होती. तिनं बघितलं, तिला कळलं आणि तिचे हात थांबले. अजून वेळ गेलेली नव्हती. आज रात्री टांगला असता, सकाळी दुमड घातली असती, तरी भागलं असतं. एक वाक्य पुरे होतं. पण ब्लाउजवालीला शिकवायला जायचं कुणी, आणि ती ऐकणार थोडीच, असं ती स्वतःला सांगायला लागली. हे सगळं बहाणे होते आणि तिला ते ठाऊक होतं. तिला बोलायचंच नव्हतं. मोरीतलं ते रडणं तिला आठवलं आणि तिनं लसणीची पुढची पाकळी उचलली.

गिरिजा तिच्या कानाला लागली. "आई, मोठ्या आईनं टांगलाच न्हाई. शांभवीला सांगू का?"

"गप बस," निकिता दातओठ खाऊन म्हणाली. "कुणाला काई सांगायचं न्हाई. शांभवीलाबी न्हाई. सांगितलंस तर बघ."

उमादेवीनं तयार स्कर्टला इस्त्री केली आणि सगळ्यांना दिसावा म्हणून मधल्या घरात हँगरला लावला. तिथंच तो रात्रभर ओघळत राहिला, आणि सकाळच्या गडबडीत घडी होऊन पिशवीत गेला.

संध्याकाळी शाळेच्या मैदानात मांडव भरला होता. पडदा उघडला तेव्हा पुढच्या ओळीत मधोमध गिरिजा होती, आणि तिच्या जोडीला भलतीच मुलगी. शांभवी मागच्या ओळीत, कडेला. तिचा स्कर्ट समोरून घोट्याच्या वर आणि बाजूंनी पार पावलांवर लोंबत होता. मॅडमनी सांगितल्याप्रमाणं केलं होतं. निकिताला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, तिला मनापासून बरं वाटलं, आणि तिनं हळूच उमादेवीच्या तोंडाकडं बघून घेतलं. मग गाण्याचा वेग वाढला, मुली गरगर फिरायला लागल्या, आणि शांभवीचा पाय त्या लोंबत्या कापडावर पडला. ती तोंडावर आपटली. मांडवात हशा झाला. पोर उठली, पुन्हा फिरायला लागली, आणि फिरताना रडत होती ते सगळ्यांना दिसलं. आता मात्र निकिताला टाळी वाजवता येईना.

घरी आल्यावर उमादेवीनं स्कर्ट फरशीवर पसरला आणि टेप घेऊन बसली. "कापताना तर सारखा व्हता," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "त्या दुकानदारानं सडकं कापड दिलं. उद्या त्याच्या तोंडावर फेकते." शांभवी भिंतीला टेकून हुंदके देत होती. मल्लम्मा तिच्या खरचटलेल्या हाताला हळद लावत होती. निकिता पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. कुणाला काही कळलेलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नाही तर कळणारही नव्हतं.

"कापड चांगलं हाय," गिरिजा म्हणाली. "तो आदी टांगायचा असतोय. मग शेपट्या कापायच्या. मी सांगणार व्हते, पण आई नको म्हणली."

उमादेवीच्या हातातली टेप तशीच राहिली. "व्हय गं?" तिनं निकिताला विचारलं. "तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"माझ्या डोळ्यांम्होरं बसून लसूण सोलत व्हतीस."

"तुमीबी ज्वारी निवडत व्हता की," निकिता म्हणाली. तिनं हातातला तांब्या खाली ठेवला. "म्या तर विचारलंबी व्हतं, बरोबर हाय का म्हणून. माझी पोर घरी बसली असती तर तुमी हसला असता. हसलाच व्हता."

उमादेवीनं स्कर्टची घडी घातली आणि उठली. "इतकी वर्षं मला वाटायचं, ही बाहेरची हाय," ती सासूला म्हणाली, शांतपणे, आणि या वेळी मराठीत. "न्हाय. आपल्यातलीच हाय." आणि स्वयंपाकघरात जाऊन तिनं ताटं मांडायला घेतली. त्यात एक निकिताचंही होतं.

जेवायला बोलावलं तरी गिरिजा उठली नाही. शांभवीनं आपलं अंथरूण उचलून आजीच्या खोलीत नेलं होतं आणि गिरिजा रिकाम्या जागेकडं बघत बसली होती. निकितानं तिच्या केसांवरून हात फिरवला. "चल, चार घास खा. उद्या बोलंल ती तुझ्याशी."

"बोलंल," गिरिजा म्हणाली. मग तिनं आईकडं बघितलं आणि अगदी साधेपणानं, गृहपाठ विचारावा तसं विचारलं, "आई, तिला सांगायचं न्हाई असं आणखी काय काय हाय?"