लुगड्याच्या चिंध्या

कोळ्यावर लिहिणाऱ्यानं निदान त्याचे पाय तरी मोजावेत. ऑनलाइन विश्वकोशातल्या त्या लेखात माझ्या कोळिणीला चक्क सहा पाय दिले होते. माझ्या म्हणजे, शाहूवाडीच्या भातखाचरातली ही जात तीस वर्षांपूर्वी मीच जगापुढे आणली. शोधनिबंधावर नाव माझं आहे, विजयमाला मगदूम. कोल्हापुरात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले, तरी चुकीचं काही वाचलं की अजून हात शिवशिवतात.

लेख वाचायला लावला तो तेजस्वीनं. ती शाहूवाडीकडच्या बायडाबाई खोतांची नात, सध्या बी.एस्सी. करते. फोन करून तिनं सरळ विचारलं, "म्याडम, आजी म्हणती तुमास्नी ही कोळीण तिनंच दावली. मग लेखात तिचं नाव का न्हाय?" मी म्हटलं, लिहिणारे अडाणी आहेत, मी बघते काय ते.

लेख तेव्हा 'उत्कृष्ट' या दर्जासाठी तपासणीला लागला होता. तपासणारी आदिती नावाची मुलगी होती. मी तिला चौदा चुका काढून दिल्या. फोटो भलत्याच जातीचा होता. कोळीण माणसाला चावते असं ठोकून दिलं होतं. कुणाला चावली ते दाखव, असं मी तिला लिहिलं. बिचारीनं एकेक दुरुस्ती केली, प्रत्येकीखाली माझ्या निबंधाचा संदर्भ लावला आणि आभार मानले. मला फार बरं वाटलं.

मग मी एक ओळ वाढवली: "खाचरात पाणी चढलं की ही कोळीण अंड्यांची पिशवी तोंडात धरून वरच्या पानावर जाते, हे प्रथम बायडाबाई खोत या शेतकरी स्त्रीनं पाहिलं."

आदितीनं संदर्भ मागितला. मी लिहिलं, मी तिथं होते. आठवण चालत नाही, छापलेलं काहीतरी हवं, असं तिचं उत्तर आलं. माझं डोकंच फिरलं. ज्या बाईच्या निबंधावर तुमचा अख्खा लेख उभा आहे, तिच्याकडे पुरावा मागता? माझ्या नातीच्या वयाच्या मुलीला मी नाही नाही ते लिहिलं.

ती चिडली नाही, हेच वाईट झालं. तिनं माझ्याच निबंधाचं चौथं पान समोर ठेवलं. "मॅडम, इथं तुम्ही म्हटलंय की नमुने आणि सर्व निरीक्षणं लेखिकेची स्वतःची आहेत. मग मी कुठलं खरं धरू?"

त्याच पानावर खाली होतं, घरटी ओळखण्यासाठी रोपांना कापडाच्या चिंध्या बांधल्या होत्या. त्या चिंध्या बायडाबाईंच्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या. मी दर रविवारी एस.टी.नं जायचे, तासभर थांबून चहा घेऊन परत यायचे. त्या रोज खाचरात असायच्या. कुठल्या चिंधीची कोळीण कधी हलली, पिल्लं कधी बाहेर पडली, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. त्या सांगायच्या आणि मी उतरवून घ्यायचे. तुमचं नाव पुस्तकात येणार, असंही मी त्यांना सांगितलं होतं. नंतर छापताना गाळलं. मला कुणी गाळ म्हटलं नव्हतं. त्यांचं नाव घातलं असतं तर माझ्याकडं उरलं काय असतं, एस.टी.ची तिकिटं?

आदितीनं वाट दाखवली. निबंध छापणाऱ्या नियतकालिकाकडं दुरुस्ती पाठवा, निरीक्षणं कुणाची ते लिहा, ती छापून येईपर्यंत मी ओळ राहू देते. चार वाक्यांचं काम होतं. मी आठ दिवस कागद पुढ्यात घेऊन बसले आणि 'लेखिकेची स्वतःची नव्हती' इथंच अडकले.

नवव्या दिवशी तेजस्वीचा फोन आला. आजीला बोलायचंय म्हणाली. बायडाबाईंचा आवाज खोल गेला होता, पण बोलणं तसंच रोखठोक.

"बाई, पोरगी उगाच तुमच्या मागं लागलीया. तिनं तुमचं लिवलेलं मला वाचून दावलं. तुमी शिकलेली मानसं, तुमी लिवलंय त्येच खरं असंल. मी आपली तण भांगलत हुतो. मलाच येड्यावानी वाटत ऱ्हायलं, मी बगितलं म्हनून."

थांबून त्यांनी विचारलं, "न्हाय का वो, बाई?"

नाही बायडाबाई, तुम्हीच पाहिलंत, एवढंच म्हणायचं होतं मला. पण त्यांच्या शेजारी तेजस्वी ऐकत होती.

मी म्हणाले, "वय झालं की होतं असं. तब्येतीला जपा."

लेखाला गेल्या महिन्यात 'उत्कृष्ट' दर्जा मिळाला. आदितीनं अभिनंदनाचा निरोप पाठवला. दुरुस्तीची वाट बघत बायडाबाईंची ओळ तिनं शेवटपर्यंत तशीच ठेवली होती. ती मी काढली.