ओल्या गोंदावरची मूठ

सासू-सुनेचं पटतं असं म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग कान टवकारतात. या दोघींचं पटायचं, कारण दोघींच्या मध्ये एक मोटारसायकल उभी होती. सून मातीच्या ट्रॅकवर शर्यती खेळायची आणि सासू तिची गाडी सांभाळायची. सासूचं स्वतःचं गॅरेज होतं, घराला चिकटूनच. स्वयंपाकघराच्या दारातून दोन पायऱ्या उतरलं की ग्रीसचा वास सुरू. सून पहिल्यांदा आली ती मात्र रस्त्याकडच्या शटरमधून, पंक्चर झालेलं चाक घेऊन. मुलगा नेमका आईला डबा द्यायला आला होता, आणि पुढचं सगळं रीतसर झालं. मुलाचं चष्म्याचं दुकान, आणि त्याला झोपाळ्यावर बसलं तरी गरगरतं. नवरा-बायको आपसांत काय बोलायचे ते त्यांचं त्यांना माहीत, पण सासू आणि सून चेन, टायर आणि ब्रेक यांवर तासन्‌तास बोलत बसायच्या. दुसऱ्या कशावर बोलल्याचं मात्र कोणाला आठवत नाही.

तेच आता सुनेला आतून खात होतं. मागच्या मोसमात ती उडीवरून पडली आणि डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, डॉक्टरांनी व्यायाम दिले. मनगट वळायलाही लागलं, पण शेवटचं थोडंसं काही केल्या वळेना. सासूने एकदाच सांगून ठेवलं होतं, "मनगट पहिल्यासारखं वळलं तर गाडी. नाहीतर गाडी नाही." त्यावर सून म्हणाली होती, "ठणठणीत आहे, आई." तेव्हापासून ती बाटल्यांची झाकणं उजव्या हाताने उघडत होती, कपडे पिळायचं काम नवऱ्याच्या गळ्यात घालत होती, आणि डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजरासारखी कोणाला काही दिसत नाही असं समजत होती. गाडी सुटली तर या घरात आपलं काय उरलं, हा विचार तिची पाठ सोडत नव्हता. चष्मे काय, नवरा एकटाही विकत होता.

रविवारी शर्यत होती. शुक्रवारी दुपारी सासूने शटर अर्धं खाली ओढलं आणि हँडलच्या नव्या रबरी मुठी बसवायला घेतल्या. जुन्या मुठी ब्लेडने उभ्या चिरून काढल्या, हँडल पेट्रोलच्या फडक्याने पुसून लख्ख केलं. मुठी नुसत्या सरकवून भागत नाही. उडी मारताना एखादी मूठ हातातल्या हातात फिरली तर माणूस एकीकडे आणि गाडी भलतीकडे. म्हणून आतून गोंद आणि वरून तार. गोंद ओला आहे तोवर मूठ हवी तशी फिरवून घ्यायची, एकदा त्याने धरलं की ब्लेडशिवाय सुटका नाही. उजवी मूठ वेग देणाऱ्या रेसच्या नळीवर बसते. तिथे गोंद भलतीकडे शिरला तर रेस अडकते, म्हणून तेवढा वेळ सासू श्वाससुद्धा बेताने घेते. ती झाली. मग डावी.

डाव्या बाजूला हँडलवर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका होता. मुठीवरची चौकडीची नक्षी कुठे यायला हवी त्याची ती खूण, सुनेच्या हातावरून सासूने पहिल्याच वर्षी केलेली. तिने मूठ आत ढकलली, नक्षी बरोबर ठिपक्याशी आणली आणि सुनेला म्हणाली, "चल भिंगरी, बस."

ही या गॅरेजची रीतच होती. गाडी लाकडी खोक्यावर चढवलेली, स्वार तिच्यावर बसलेला, दोन्ही मुठी हलकेच धरलेल्या आणि डोळे मिटलेले. सासू पुरे म्हणेपर्यंत उघडायचे नाहीत. मोठमोठे मिशीवाले स्वारही इथे शाळेतल्या पोरांसारखे डोळे मिटून बसायचे.

"डोळे उघडे असले की माणूस दाखवायला धरतो," सासू म्हणायची.

सुनेने डोळे मिटले आणि मनगट जोर करून ठिपक्यापर्यंत नेलं. आत काहीतरी ताणलं गेलं. थोडाच वेळ, तिने स्वतःला सांगितलं, गोंद धरेपर्यंत फक्त.

पण दुपार मोठी लबाड होती. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे आत आले होते आणि त्यांत धूळ सावकाश तरंगत होती. गोंदाचा गोडसर वास डोक्यात चढत होता. कुठेतरी लांब कोणी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती घरघरायची आणि बंद पडायची. व्यायामापायी सून पहाटेपासून उठलेली. तिचा डोळा लागला.

ती टेकडी चढत होती. गाडीला आवाज नव्हता. चाकांखाली माती होती की पाणी ते कळत नव्हतं, पण ते मऊ होतं आणि वर वर जात होतं. ती बघेल तिकडे गाडी वळायची. टेकडी संपली आणि गाडी हवेतच राहिली, खाली यायची कोणाला घाई नव्हती. खाली लहान लहान घरं, वाळत घातलेल्या चादरी, आणि एका छपरावर नवरा चष्मा पुसत उभा. शेजारून सासू पळत होती, हातात पाना, चेहऱ्यावर दम लागल्याची खूण नाही. "हात ढिला सोड," ती म्हणाली. सुनेने सोडला. मनगट आपल्याआपण वळलं, त्याला बरं वाटलं तिथे जाऊन थांबलं, आणि दुखणं नावाची काही वस्तू असते हे ती विसरली. इतकं सुख तिला कित्येक महिन्यांत लाभलं नव्हतं.

"झोपलीस."

"नाही हो, आई."

"घोरत होतीस."

सुनेने डोळे उघडले. सासू समोर स्टुलावर बसली होती, मांडीवर तारेचं रीळ. ती सुनेकडे बघत नव्हती, मुठीकडे बघत होती. ठिपका एकटाच पडला होता. नक्षी त्याच्यापासून चांगली बोटभर सरकली होती, सुनेच्या झोपलेल्या हाताने ओढून नेलेली.

सुनेने झटकन मूठ मागे फिरवायला घेतली. गोंद आता चिवट झाला होता. तिने जोर लावला आणि तोंडातून "आई गं" निघून गेलं.

सासूने तिच्या हातावर हात ठेवला. "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"आणि मला ठणठणीत."

"तुम्ही गाडी बंद केली असतीत." बांध फुटल्यावर सून थांबेना. "आणि गाडीच नसली तर तुम्ही माझ्याशी बोलणार काय? सांगा ना. गाडीशिवाय कधी एक शब्द बोललोय आपण?"

सासूने तिचा हात सरकलेल्या मुठीवर पुन्हा ढिला ठेवला. तिने मनगट बोटांनी चाचपलं. "आत्ता, या जागी दुखतंय?"

"नाही."

"झोपेत?"

"नाही. टेकडी चढत होते. तुम्ही शेजारून पळत होता."

"मी? या गुडघ्यांनी?" सासूला हसू आलं, आणि मग ते गेलं. "पहिल्यासारखं वळलं तर, असं मीच म्हटलं होतं. चुकलंच माझं. पहिल्यासारखं काय राहतं?"

तिने मूठ मागे फिरवली नाही. होती तिथेच तिच्यावर तारेचे वेढे घातले, पकडीने पीळ दिला, आणि पाना घेऊन क्लचची दांडीही ढिली करून नव्या हाताच्या कलाने वळवली.

"रविवारी जायचं नाही," ती म्हणाली. "आधी मागच्या मोकळ्या जागेत सावकाश चालवायची. हाताला पटतंय का ते बघू."

सुनेने मान हलवली. रविवार गेल्याचं वाईट तिला वाटायला हवं तेवढं वाटत नव्हतं. दुसरंच काहीतरी विचारल्यावाचून तिला राहवेना.

"आणि नाहीच पटलं तर?"

सासूने तारेचं टोक कापलं आणि तळव्याला टोचू नये म्हणून रबरात दाबून बसवलं.

"तर गाडी विकू. तुला थोडीच विकणार आहे!"

सून हँडलवर वाकून रडायला लागली. सासूने तिच्या पाठीवरून ग्रीसचा हात फिरवला, शर्टावर चांगला डाग पडला.

"रडायचंच तर तिकडे तोंड करून रड," ती म्हणाली. "गोंद अजून ओला आहे."