आत्याच्या प्लास्टरची खालची बाजू

सह्यांच्या नादापायी भाच्याने घराचा पार अजबखाना करून टाकला होता. नाद एकाच रॉक बँडचा, आणि तो बँडही त्याच्या जन्माआधीच फुटलेला. आत्या त्याला ‘सह्याजीराव’ म्हणायची. गायक, गिटारवाला, बासवाला असे तिघे त्याच्या गळाला लागले होते. ड्रमर तेवढा हुलकावणी देत होता.

एका दुपारी आत्या चहा गाळता गाळता म्हणाली, “ते चौघे ना? माझ्या मोडक्या पायावर सह्या केल्यात त्यांनी.”

भाच्याला ठसकाच लागला.

आत्याने सगळं सांगितलं. कॉलेजात असताना ती प्लास्टर घातलेला पाय दाखवायला हॉस्पिटलात गेली होती. शेजारच्या बाकावर ड्रमर, उजव्या हाताचा अंगठा मुरगळलेला, आणि सोबत बाकीचे तिघे. तिघांनी प्लास्टरवर वरच्या बाजूला सह्या ठोकल्या. ड्रमरने फरशीवर बसकण मारून पोटरीखाली डाव्या हाताने केली. पुढे प्लास्टर कापलं, त्याचे दोन अर्धे निघाले. तिघांच्या सह्यांचा वरचा अर्धा अजून तिच्याकडे होता.

“मग खालचा कुठाय?”

“हातात कुबड्या, खांद्याला एक पिशवी. वरचा कसाबसा कोंबला. खालचा टाकून द्या म्हटलं त्या प्लास्टरवाल्याला.”

भाच्याने कपाळावर हात मारून घेतला. ड्रमरची डाव्या हाताची जगातली एकमेव सही, आणि सख्ख्या आत्याने ती कचऱ्यात घालवली होती.

“चांगला होता रे तो प्लास्टरवाला,” आत्या म्हणाली. “कापताना सारखं विचारत होता, दुखत नाही ना.” आत्याने लग्न केलं नव्हतं, आणि का ते विचारायची घरात कुणाची टाप नव्हती.

भाचा कसला गप्प बसतोय. हॉस्पिटलात खेटे घालून त्याने त्या प्लास्टरवाल्याचा पत्ता काढलाच. रिटायर झालेले, एकटेच राहणारे काका. त्यांनी कपाटावरून टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी उतरवलं. डाव्या हाताची वेडीवाकडी सही जशीच्या तशी होती. भाच्याने पाकीटच बाहेर काढलं.

“काका, हे मला द्याल? मागाल ते देतो.”

“वस्तू त्यांची आहे,” काका म्हणाले. “त्यांच्याच हातात देईन.”

रविवारी काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून आत्याकडे आले. भाचा आधीच काचेची पेटी घेऊन हजर होता. टेबलावर दोन्ही अर्धे जोडले, मध्ये करवतीच्या पात्याएवढी फट राहिली. चौघे अखेर एकत्र आले होते. भाच्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याच्याकडे बघतंय कोण?

“टाकून द्या म्हटलं होतं ना मी?” आत्या म्हणाली.

“म्हटलं होतंत.”

“मग? बँड आवडायचा?”

“कुठला बँड?” काका गोंधळले. “मला वाटलं, तुमच्या मित्रमंडळींच्या सह्या. न्यायला याल परत, म्हणून ठेवलं.”

भाच्याने आयुष्यात पहिल्यांदा आत्याला लाजताना पाहिलं. पेटीचं झाकण उघडायला पुढे केलेला हात त्याने मागे घेतला. त्याला फार वाईट वाटत होतं आणि त्याहून जास्त आनंद होत होता.

मग आत्याने खालचा अर्धा टॉवेलात नीट गुंडाळला आणि काकांच्या हातात दिला.

“हा तुमच्याकडेच राहू दे,” ती म्हणाली. “पुढच्या रविवारी घेऊन या. पुन्हा जोडून बघू.”