मेमरी निम्मी केल्यावर

तिने शेवटच्या सर्व्हरची मेमरी निम्म्यावर आणली, तो पुन्हा सुरू केला आणि खुर्चीच्या टोकावर बसून स्क्रीनकडे पाहत राहिली. सकाळपासून हॉस्पिटलांचे फोन थांबले नव्हते. पेशंट ऑपरेशनच्या टेबलावर, आणि रक्ताचे रिपोर्ट उघडेनात.

हे रिपोर्ट बऱ्याच सर्व्हरवर वाटून ठेवलेले. एखाद्याची मेमरी भरली की तो हातातलं काम टाकून आतला कचरा काढत बसे. मेमरी जितकी मोठी, तितका तो जास्त वेळ गप्प. बाकीच्यांना वाटे, हा गेला. मग त्याचा भार ते अंगावर घेत आणि त्या ओझ्याने एकेक करून तेही बसत.

मेमरी वाढवली होती तिनेच, मागच्या वर्षी. तिला हे काम हाताला धरून शिकवणारे दादा तेव्हा भर मीटिंगमध्ये म्हणाले होते, "घर मोठं केलं की झाडायलाही वेळ लागतो गं."

"दादा अजून कंदिलाच्या उजेडात सर्व्हर चालवतात," ती म्हणाली होती. सगळे खो खो हसले. साहेबसुद्धा. पुढे हळूहळू दादांची कामं तिच्याकडे आली आणि एक दिवस दादांनी राजीनामा दिला.

दुपारपर्यंत रिपोर्ट झरझर उघडू लागले. साहेबांनी शाबासकी दिली. ती जिन्यात गेली आणि तिने दादांना फोन लावला. ते उचलणार नाहीत असं तिला वाटलं. उचलू नये, असंही.

"बोल गं! किती दिवसांनी!"

"दादा, मेमरी निम्मी केली. तुमचंच खरं होतं. तेव्हा मी सगळ्यांसमोर जे बोलले..."

"काय बोललीस?"

"ते कंदिलाचं."

दादा मोकळं हसले. "अगं, ते मी विसरलोसुद्धा. आणि खरं सांगू? तेव्हा मलाही कुठे खात्री होती! आकडे तुझ्या बाजूने होते." मग म्हणाले, "एक मात्र विचारायचं राहिलं. माझ्या शेवटच्या दिवशी कँटीनमध्ये दोन चहा घेऊन बसलो होतो. 'आलेच' म्हणालीस. मग काय झालं?"

तिने जिन्याचा कठडा धरला. त्या दिवशी ती वरच्या खिडकीत उभी होती. दादा खांद्याला पिशवी लावून फाटकाबाहेर पडले, रस्ता ओलांडून दिसेनासे झाले, तोवर ती जागची हलली नव्हती.

"मीटिंग निघाली, दादा. अचानक."

"हां. मला वाटलंच तसं."

आवाजात राग नव्हता. पलीकडे कुणीतरी त्यांना हाक मारली. "आलो, आलो," ते म्हणाले, आणि मग तिला, "बरं, ठेवतो. पुन्हा कधी सर्व्हरचं काही अडलं, तर बिनदिक्कत फोन कर."