काकूंच्या नावाचा भुंगेरा

संग्रहालयाच्या कीटक विभागात सगळे तिला मागून टाचणीबाई म्हणत आणि तोंडावर नुसतं बाई. सव्वीस वर्षं तिने मेलेल्या किड्यांना टाचण्या टोचल्या, तांदळाएवढ्या अक्षरांत चिठ्ठ्या लिहिल्या आणि लाकडी खणांतून त्यांची गावं वसवली. हुद्दा सहायकाचा. तो शेवटपर्यंत सहायकाचाच राहिला, कारण तिच्याकडे मोठी पदवी नव्हती. सुरुवातीला तिने ती घ्यायचं मनावर घेतलं होतं, तेव्हा सर हसून म्हणाले होते, "पदवी काय चाटायचीय? हात आहे तुझ्याकडे, नजर आहे. बस की माझ्याजवळ." ती बसली.

सर म्हणजे तेव्हाचे विभागप्रमुख. पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांचे मोठे जाणकार. "आपला धंदाच नावं ठेवायचा," हा त्यांचा ठरलेला विनोद, आणि प्रत्येक पाहुण्यासमोर बाईला त्यावर नव्याने हसावं लागे. तरुणपणी सर दमट रानांत महिनोन्‌महिने हिंडले होते. तिथे एका वेलीवर त्यांना सात मिलिमीटरचा एक पिवळाधमक भुंगेरा सापडला, पाठीवर चार काळे ठिपके असलेला. त्यांनी तो नवी जात म्हणून जगापुढे मांडला आणि त्या जातीला आपल्या बायकोचं नाव दिलं. लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. त्या भुंगेऱ्याचं मोठं चित्र सरांच्या बैठकीत टांगलेलं असे. काकू येणाऱ्याजाणाऱ्याला तिकडे बोट करून सांगत, "ही मी."

सर निवृत्त झाल्यावर दहाएक वर्षांनी बाई जुन्या खणांची फेरमांडणी करत होती. एका खणात काकूंची ठिपकेवाली जात, शेजारच्या खणात बिनठिपक्यांची. ही दुसरी शंभरेक वर्षांपूर्वी कुणा परदेशी विद्वानाने नाव दिलेली. चिठ्ठ्या वाचता वाचता तिच्या लक्षात आलं, की दोन्ही भुंगेरे नेहमी एकाच वेलीवर, एकाच महिन्यात, बहुधा एकाच दिवशी धरलेले आहेत. मनात शंकेची पाल चुकचुकली.

ती वेल संग्रहालयाच्या मागच्या कुंपणावरच माजलेली होती. तिथून बाईने अंड्यांनी टम्म फुगलेली एक बिनठिपक्यांची मादी धरली आणि बरणीत घालून घरी नेली. घरात ती आणि तिची थोरली बहीण, दोघीच. अक्का शाळेतून निवृत्त झालेली, जिभेला धार, पण हाताला माया.

"जगातली माणसं मांजर पाळतात," अक्का म्हणाली.

"मांजर पानं खात नाही. रोज ताजी पानं आणावी लागतील. पुसून, कोरडी करून."

"म्हणजे मी आणायची."

आणि अक्कानेच आणली. सहा आठवडे दोघी बहिणींनी त्या एका मादीची पोरं वाढवली. अळ्या मातीत शिरल्या, कोष झाले आणि एका सकाळी पहिला भुंगेरा वर आला, फिकट, ओल्या कागदासारखा. दुसऱ्या दिवशी अक्काची हाक आली. "धाकटे, अगं, याला ठिपके फुटलेत!"

एकूण एकोणीस निघाले. अकरा साधे, आठ चार ठिपक्यांचे. सगळी एकाच आईची लेकरं.

बाई घाईने निष्कर्ष काढणारी नव्हती. या भुंगेऱ्यांची खरी ओळख रंगात नसते. ती नराच्या पोटातल्या एका वाकड्या नळीत असते, आणि प्रत्येक जातीत तिचा बाक वेगळा. तिने खणांतले जुने नर गरम पाण्यात मऊ केले, सुईने ती नळी बाहेर काढली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून चित्रं काढली. साध्याची आणि ठिपकेवाल्याची नळी केसाचाही फरक न करता जुळली. मग त्या परदेशी विद्वानाने ज्याच्यावरून नाव दिलं होतं तो मूळ नमुना तिने दूरच्या संग्रहालयातून मागवला. नमुना यायला आणि तो उघडून बघायची परवानगी मिळायला सात महिने लागले. ती मादी निघाली. मग मादीच्या पोटातली खसखशीएवढी पिशवी तपासली. तीही ठिपकेवालीच्या पिशवीशी तंतोतंत जुळली.

नियम साधा आहे. एकाच जातीला दोघांनी नावं दिली, तर आधीचं नाव टिकतं, नंतरचं गळून पडतं. काकूंचं नाव गळणार होतं.

ती चित्रांची जाड वही घेऊन सरांच्या घरी गेली. सरांनी भिंग लावून एकेक पान पाहिलं. पाऊण तास गेला. काकूंनी चहा आणला. त्या सत्तरी ओलांडलेल्या, हात थरथरणारे, त्यामुळे अर्धा चहा बशीत. "माझ्या किड्याचं काय काम काढलंय गं?" त्यांनी हसत विचारलं. बाईने बशीतला चहा परत कपात ओतला.

सर तिला फाटकापर्यंत सोडायला आले. "काम चोख आहे," ते म्हणाले. "मी तेव्हा नुसत्या ठिपक्यांवर गेलो. घाई केली."

"सर, मला वाटलं, आधी तुम्हाला सांगावं."

"एक मागू? ती आहे तोवर थांब. तिचं मन मोडेल. नंतर छाप खुशाल."

बाईने होकार दिला. सरांनी कधी काही मागितलं नव्हतं, असं तिला त्या क्षणी वाटलं. तसं पाहिलं तर इतकी वर्षं ते मागतच आले होते. "वही राहू दे माझ्यापाशी," ते म्हणाले, "सावकाश नजरेखालून घालतो." तिने वही दिली.

तीन वर्षं ती थांबली. अक्का म्हणायची, "अगं, दुसरा कुणी छापून मोकळा होईल, मग बस हात चोळत." बाई म्हणायची, "शब्द दिलाय." या मधल्या काळात तिने ताकास तूर लागू दिली नाही.

मग एक दिवस नवे विभागप्रमुख हातात नियतकालिक फडकवत आले. तरुण, उत्साही माणूस, सगळ्यांना मिठ्या मारायच्या बेतात. "बाई, वाचलंत का? काय माणूस आहे हा! या वयात स्वतःची जात स्वतः रद्द केली. कोण करतं असं?"

तिने उभ्या उभ्या वाचलं. लेखक एकच, सर. नळीची चित्रं तिचीच, कुणा चित्रकाराकडून नव्याने रेखून घेतलेली. एकोणीस भुंगेऱ्यांची हकीकतही होती, 'घरगुती संगोपनातून मिळालेले' अशा तीन शब्दांत. दूरच्या संग्रहालयातली मादीही होती. शेवटी आभार होते, 'नमुन्यांच्या मांडणीत साह्य करणाऱ्या कर्मचारीवर्गाचे'. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा, आणि हा नागोबा पुन्हा सत्यवचनी म्हणून पूजेला लागला होता. वर्तमानपत्रांनी लिहिलं. विज्ञानातली निःस्पृहता, वगैरे.

तिने दुपारी सरांना फोन केला.

"अगं, मी तुला सांगणारच होतो," सर म्हणाले. "तू नमुना मागवलास त्या संग्रहालयातल्या मंडळींना सुगावा लागला होता. त्यांनी छापलं असतं तर माझी शोभा झाली असती. म्हणून घाई केली."

"आणि काकू?"

"तिची समजूत घातली मी."

"आणि माझं नाव, सर?"

"हे बघ, चूक माझी होती. माणसाने आपली चूक आपण दुरुस्त केली तर ते शोभून दिसतं. शेजारी तुझं नाव आलं असतं, तर लोक म्हणाले असते, हाताखालच्या बाईने पकडलं म्हाताऱ्याला. या वयात मला ते झेपलं नसतं. तू समजून घेशील." मग आवाज मऊ करून म्हणाले, "तू मला मुलीसारखी आहेस."

बाईने फोन ठेवला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो, हे तिला त्या दिवशी कळलं. तक्रार कुणाकडे करायची? वही त्यांच्याकडे, शब्द तिचा, आणि साक्षीदार कोण, तर अक्का आणि एकोणीस मेलेले भुंगेरे.

पुढच्या महिन्यात संग्रहालयाने सरांचा सत्कार ठेवला. "जाऊ नकोस," अक्का म्हणाली. पण सभागृहाच्या बाहेर तो खण मांडून ठेवायचं काम बाईचंच होतं, आणि तिची नोकरी होती. तिने काच पुसली, दिवा लावला आणि खणाशेजारी उभी राहिली. आत टाळ्या वाजत होत्या. विभागप्रमुख म्हणाले, की सत्यापुढे स्वतःचं प्रेमही मोठं मानलं नाही असा हा माणूस. पुन्हा टाळ्या.

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. काठी टेकत, एकट्याच. खणावर वाकून त्यांनी ठिपकेवाले भुंगेरे पाहिले. मग बाईकडे न बघता विचारलं, "तुझं माझ्याशी काय वैर होतं गं?"

बाईला आधी कळेचना. "काकू?"

"हे म्हणाले, मी तिला किती अडवलं, हातापाया पडलो, पण ती ऐकेना. तिने लिहून पाठवलंच, मग मला नाइलाजाने स्वतःच्या नावाने छापावं लागलं, निदान अब्रू तरी राहील." काकूंचा आवाज चढला नव्हता. "पन्नास वर्षं ह्यांचा प्रत्येक निबंध मी टाइप केला. रात्रंदिवस. भाषा सुधारली. कुठे माझं नाव बघितलंस? कुठेच नाही. हा एक किडा होता माझा. एवढासा."

दारातून सर दिसत होते, हातात फुलांचा गुच्छ, भोवती माणसं. त्यांचं लक्ष इकडेच होतं. त्यांनी बाईकडे पाहून मान किंचित हलवली. नको, असं.

खणाखालच्या कपाटात ते नियतकालिक होतं. ते काढून काकूंच्या हातात द्यायचं, लेखकाचं नाव आणि तारीख दाखवायची, तीन वर्षं मी गप्प बसले म्हणून सांगायचं, एवढंच करायचं होतं. बाईचा हात कपाटाच्या मुठीपर्यंत गेलासुद्धा. पण तिच्या मनात आलं, की ही म्हातारी आता ज्या माणसासोबत घरी जाणार आहे, त्याच्यासोबतच तिला उरलेले दिवस काढायचेत. आणि दुसरंही काही आलं, जे तिने पुढे फक्त अक्काला सांगितलं. अक्का सोडली तर जगात हे काम तिचं आहे असं मानणारं एकच माणूस होतं, समोर उभ्या काकू.

"हो काकू," ती म्हणाली. "ते काम माझंच आहे. अंड्यापासून शेवटच्या चित्रापर्यंत. मीच केलं."

काकूंनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "निदान खोटं तरी बोलली नाहीस," त्या म्हणाल्या आणि काठी टेकत निघून गेल्या. पुढे त्या बाईशी कधीच बोलल्या नाहीत.

गर्दी पांगल्यावर सर आले. डोळे ओलावलेले. "तू फार मोठ्या मनाची आहेस."

"मन मोठं नाही माझं," बाई म्हणाली. "मी तुम्हाला वाचवायला बोलले नाही. मी खरं सांगितलं. आज एकदा तरी कुणाला तरी."

सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला, पण तिने खण उचलून मध्ये घेतला.

दुसऱ्या दिवसापासून तिने काकूंच्या जातीच्या एकशे बारा चिठ्ठ्या नियमाप्रमाणे बदलायला घेतल्या. चार दिवस गेले. मग घरी बसून तिने त्या संगोपनाची हकीकत लिहिली, अळ्यांचे दिवस, ठिपके फुटायची वेळ, सगळं, आणि स्वतःच्या नावाने एका लहानशा नियतकालिकाकडे पाठवली. तिथून वाटाण्याच्या अक्षता लागल्या. उत्तर सभ्य होतं. माहिती रोचक आहे, पण यात नवीन काही नाही, हे आधीच प्रसिद्ध झालेलं आहे. खाली सरांच्या लेखाचा हवाला.

अक्काने ते पत्र दोनदा वाचलं. मग उठून तिने भुंगेऱ्यांची ती बरणी पुसून कोरडी केली.

सरांचा नंतर एकदा फोन आला. दुसऱ्या एका गटाचा गुंता सोडवायचाय, तुझ्यासारखा हात कुठे मिळणार, ये ना. बाई म्हणाली, "माझी नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही, सर." नजर शाबूत होती.

त्याच आठवड्यात तिने कीटक विभागातून शंखशिंपल्यांच्या विभागात बदली मागितली. चोपन्नाव्या वर्षी अ-आ-ई पासून सुरुवात. अर्जातला कारणाचा रकाना तिने कोरा ठेवला होता. विभागप्रमुखांनी त्यावर दुपारच्या जेवणाआधीच सही केली, आणि कारण काही त्यांनीही विचारलं नाही.