हार पडतो, हशा

दवात खुडलेली शेवंती दुपारपर्यंत काळी पडते.

नववी 'ब'मधल्या शेवटच्या बाकाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे.

द्वारकाच्या चपलेचा अंगठा भर बाजारात तुटतो आणि ती चप्पल हातात घेऊन घरी जाते, ते दुसऱ्या प्रकरणात.

ज्ञानेश हसायच्या आधी नाकातून सूं करतो.

भुईला टेकलेलं फूल देवाला चालत नाही. ते गाईपुढे टाकायचं.

मखमलाबादच्या सिटी बसमध्ये एका मुलीचं डोकं वरच्या दांडीला लागतं.

*

बसमधली ती मुलगी म्हणजे मोहिनी. साल सत्त्याण्णव, इयत्ता नववी. घरची शेवंती मखमलाबादला, शाळा पंचवटीत. सकाळी आईबरोबर फुलं खुडायची, बोटं दगडावर घासायची आणि बस पकडायची. कितीही घासलं तरी नखांतला हिरवट काळा रंग जात नसे. वर्गात तिला आधी बांबू म्हणत, मग जिराफ म्हणू लागले. शेवटी दिशाने 'निर्माल्य' हे नाव पाडलं आणि ते टिकलं. दिशाचं अक्षर चांगलं होतं, आवाज चांगला होता, आणि नावं पाडण्यात तर तिचा हात कुणी धरला नसता.

दर शुक्रवारी वाचनाच्या तासाला निफाडकर बाई एका कादंबरीचं एकेक प्रकरण वाचून दाखवत. कादंबरीतली द्वारका पंधरा वर्षांची, अंगाने ताडमाड, जाईल तिथे काहीतरी सांडणारी. "द्वारका आत आली की आधी चौकट हलायची," एवढं पहिलं वाक्य बाईंनी वाचलं आणि सगळा वर्ग मागे वळून शेवटच्या बाकाकडे बघायला लागला.

मोहिनीला राग यायला हवा होता. आला नाही. कारण पुढच्याच ओळीत द्वारका विचार करत होती. चप्पल हातात घेऊन चालतानाही ती विचार करत होती, की दुकानांच्या पायऱ्या आपल्याला ओळखतात, उद्या त्यांना काय तोंड दाखवायचं. वर्गाला द्वारका सांडताना तेवढी दिसायची. सांडून झाल्यावर तिच्या डोक्यात काय चालतं, ते मोहिनीला वाचायच्या आधीच ठाऊक असायचं. कागदाची का होईना, आपल्यासारखी आणखी एक आहे, या गोष्टीवर तिचे शुक्रवार ते शुक्रवार निघत होते.

*

"स्नेहसंमेलनात आपण द्वारका बसवू या," बाई म्हणाल्या.

"बाई, मोहिनी! तिला अ‍ॅक्टिंगसुद्धा करायला नको," दिशा म्हणाली.

ज्ञानेशचं सूं. मग सगळा वर्ग.

बाई हसल्या नाहीत. "तसं खरंच आहे मोहिनी. तू फक्त नेहमीसारखी चाल."

मोहिनी हो म्हणाली. द्वारका दुसऱ्या कुणाच्या हाती जायला नको होती.

*

बाईंनी लिहिलेल्या नाटुकल्याचा शेवट असा :

द्वारका येते. चौकटीला धडकते. (हशा.)
मैत्रीण : अगं, चौकट तरी शिल्लक ठेव!
द्वारका सरस्वतीला हार घालायला निघते. सतरंजीत पाय अडकतो. हार पडतो. (हशा.)
पडदा.

"बाई, पडल्यावर ती विचार करते, तो कुठेय?" मोहिनीने विचारलं.

"स्टेजवर विचार दिसत नाहीत गं. पडलेलं दिसतं."

तालमीला शाळेच्या पेटीतला लोकरीचा हार होता. तो छान पडायचा. दर वेळी पडायचा, दर वेळी हशा व्हायचा, आणि दर वेळी मोहिनीला वाटायचं, आपण द्वारकेला सांभाळायला आलो आणि आपणच तिला चव्हाट्यावर आणून बसवलं.

"त्या दिवशी खऱ्या फुलांचा हार लागेल," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे काय, फुलंच फुलं!"

*

"कुणाला घालायचाय?" भागीबाईने, तिच्या आईने, विचारलं.

"सरस्वतीच्या फोटोला."

"तूच घालणार?"

"हां."

"मंग जपून. तुझे पाय काय तुझं ऐकत नाय, मोहे."

हार मुद्दाम पाडायचा आहे, हे मोहिनीच्या तोंडून निघालं नाही. त्या घरात असं सांगण्यापेक्षा चोरी केली म्हणून सांगणं सोपं होतं. डोक्यावर फुलांची पाटी घेऊन ओल्या बांधावरून चालताना पाय घसरला, तर आपण पडायचं, पाटी पडू द्यायची नाही. हे तिला पाढ्यांच्या आधी शिकवलं होतं. भागीबाईच्या दोन्ही गुडघ्यांवर त्याचे जुने वण होते, मोहिनीच्या एका.

*

मैदानात मांडव. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. मोहिनी आली, चौकटीला धडकली. हशा आला.

मग विंगेतून कुणीतरी हार तिच्या हातात दिला. गार, जड, किंचित ओला. लोकर नव्हे. पाडायचा, तिने स्वतःला बजावलं. द्वारका पाडते. आपण पाडायचा.

सतरंजीत पाय अडकला. इथपर्यंत सगळं लिहिल्याबरहुकूम झालं.

हात वर गेले. तिने नेले नाहीत, ते गेले. आधी गुडघे आपटले, मग छाती, मग हनुवटी सरस्वतीच्या फोटोखालच्या चौरंगाच्या कडेवर. आणि डोक्याच्या वर दोन्ही हातांत हार तसाच, एक पाकळी न गळता.

ठरल्या जागी हशा आला, ठरल्यापेक्षा मोठा.

"टाक ना, निर्माल्य! टाक!" मैत्रीण झालेली दिशा दात आवळून म्हणाली.

"मोहिनी, हार सोड!" विंगेतून बाई.

तेवढ्यात बायकांच्या बाजूला भागीबाई उभी राहिली. "सोड मोहे! चुलीत गेली फुलं! तोंड फुटलं तुझं!"

तेव्हा लोकांना रक्त दिसलं. हशा मध्येच तुटला.

मोहिनीने हार सोडला नाही. पालथी पडल्या पडल्या ती द्वारकेला शोधत होती. आता तिने काहीतरी विचार करायचा होता. तो मोहिनीला आधीच ठाऊक असायला हवा होता, नेहमीसारखा. पण आत कुणीच बोललं नाही. सतरंजीचा धुळकट वास येत होता आणि हनुवटी ठणकत होती. द्वारका नव्हतीच तिथे.

मोहिनी उठली. सरस्वतीला हार घातला. पडदा उशिरा पडला.

*

"सगळा सीन घालवलास," हनुवटीवर कापूस दाबत बाई म्हणाल्या. "हार पाडायचा होता, एवढंच तर काम होतं!"

भागीबाई शेजारीच उभी होती. "पाडायचा व्हता?" तिने विचारलं. बाईंना नाही, मोहिनीला.

परतीच्या बसमध्ये तिने पुन्हा विचारलं. "तुला ठावं व्हतं, पाडायचाय?"

मोहिनीने हो म्हणून मान हलवली. पट्टीमुळे तोंड उघडत नव्हतं.

"मंग का नाय पाडला?"

याला मान हलवून उत्तर देता येत नव्हतं. दोन स्टॉप गेल्यावर भागीबाई खिडकीबाहेर बघायला लागली.

पुढच्या शुक्रवारी बाईंनी नवं प्रकरण वाचलं. द्वारका नदीवर गेली, पायरीवर बसली, खूप काही मनात आणत राहिली. दिशा मागे वळली, ज्ञानेश वळला, सूं झालं. मोहिनी ऐकत होती. तिला फक्त निफाडकर बाईंचा आवाज ऐकू आला, एक बाई पुस्तक वाचते आहे, असा.

स्नेहसंमेलनाच्या सकाळी भागीबाईने दोन हार ओवले होते. पहिला पडलाच तर असावा म्हणून दुसरा ओल्या फडक्यात गुंडाळून तिने पिशवीतून मांडवात नेला होता.