वरून दिसणारा माणूस

शर्टाच्या बटणाएवढं टक्कल, पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, भिंतीला लागून... आणि ती हसायलाच निघाली होती, कारण बगळा आला की हसायचं हे ठरूनच गेलेलं — गेले कित्येक दिवस दुपारी तो सराफाच्या गल्लीत यायचा, एक पाय मागे भिंतीला टेकून उभा राहायचा आणि थोड्या वेळाने निघून जायचा. बगळा हे नाव तिनेच ठेवलेलं. पोलिसांच्या कॅमेरा कक्षात बसणाऱ्या सगळ्यांनाच ही खोड. दिवसभर परकी माणसं बघायची, त्यांची नावं कळायची नाहीत, मग आपणच ठेवायची. आज मात्र बगळ्याने मान वर केली, डोळे बारीक करून थेट कॅमेऱ्यात पाहिलं, आणि तो तिचा नवरा होता.

वरून — मी त्याला वरून कधी पाहिलंच नव्हतं. तो माझ्यापेक्षा हातभर उंच, त्याच्या टाळूवरचे केस गेलेत हे मला कळणार कसं? पण खांदे? तो करडा शर्ट, जो मीच दोरीवर वाळत घालते? इतक्या वर्षांचा संसार, आणि या माणसाला मी खदाखदा हसत होते, शेजारच्या ताईंना दाखवून दाखवून.

"काय गं, आज तुझा बगळा मासा धरणार वाटतं," शेजारच्या पडद्यासमोरून ताई म्हणाल्या. तुझा. तुझा का म्हणाल्या? ताई इथल्या सर्वात जुन्या, त्यांच्या नजरेतून माशी सुटत नाही... पण त्या पुन्हा आपल्या चौकाकडे वळल्या होत्या, निवांत, चष्मा पुसत.

त्याचं ऑफिस गावाच्या दुसऱ्या टोकाला. फोन केला तर तो आत्ता म्हणेल, जेवतोय. भिंतीसमोर सराफाचं दुकान, शेजारी एक जिना, जिन्याच्या तोंडाशी चार-पाच पाट्या, आणि त्याचे डोळे सारखे त्या जिन्याकडे. पाट्या वाचायच्या तर चित्र मोठं करावं लागलं असतं, आणि ते कोणी, कधी, कशासाठी केलं याची नोंद होते. इथे बघणाऱ्यालाही कोणीतरी बघणारा असतोच. तिने हात आवरला. मन कुठे आवरतंय — हल्ली हाक मारली तर तो ओ देत नाही. बोलावं तर भलतीकडेच बघत "हं" म्हणतो. परवा रात्री तिने त्याच्या कुशीत शिरून काहीतरी विचारलं होतं, जे विचारायला तिला आठवडा लागला होता, आणि तो नुसता पडून राहिला होता. जिन्यावर कोण राहते? राहतो नव्हे, राहते. हे तिच्या मनाने परस्पर ठरवून टाकलं.

तेवढ्यात साहेब आले. काल रात्री सराफाचं दुकान फुटलं होतं. "त्या गल्लीत आठवडाभरात विनाकारण रेंगाळलेला प्रत्येक माणूस चौकटीत घ्या. उद्यापासून एकेकाला बोलावतो."

"साहेब, चोरी रात्रीची," ताई म्हणाल्या, "दुपारी उभं राहणाऱ्याचा काय संबंध? आणि लेखी हुकूम लागतो ना?"

"येईल हो लेखी. कर नाही त्याला डर कशाला?"

चौकट म्हणजे चेहऱ्याभोवतीची पिवळी रेघ. एकदा बसली की बसवणाऱ्याला पुसता येत नाही. ती मुकाट्याने कामाला लागली... कोणाची तरी वाट बघणारी बाई, धाप लागून पायरीवर बसलेला म्हातारा, फोनवर भांडणारा तरुण. कोणाचा तरी बाप, कोणाची तरी बहीण. तिचा हात एकदाही अडखळला नाही. मग बगळा. आपलं माणूस दिसलं तर साहेबांना सांगून खुर्चीवरून उठायचं, हा नियम तिला पाठ होता. सांगितलं तर अख्ख्या कक्षात तमाशा. गाळलं तर ताई विचारणार, बगळा कुठाय? हे सगळं खरं, पण मी खुर्चीतून उठले नाही ते यासाठी नाही. उद्या साहेब त्याला विचारतील, रोज तिथे काय करत होतास, आणि त्याला सांगावं लागेल. मला जे सांगत नाही ते त्यांना सांगेल, आणि कधीतरी फिरून माझ्यापर्यंत येईल. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक, आणि मी कुठेच नाही... तिने बटण दाबलं. तिला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं.

संध्याकाळी तो भांडी घासत होता. ती मागे ओट्याशी उभी.

"ऐक ना," तो नळ बंद करून वळला. "हसणार नसशील तर सांगतो. माझा डावा कान गेलाय. म्हणजे जवळजवळ गेलाच. सराफाच्या गल्लीत वर एक कानाचे डॉक्टर आहेत. रोज जेवणाच्या सुट्टीत जातो, जिन्यापाशी उभा राहतो आणि परत येतो. वर जायचा धीरच होत नाही गं. बाबांचं काय झालं होतं, पाहिलंस ना... शेवटी पाटीवर लिहून दाखवावं लागायचं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू आधीच म्हणतेस, माझं लक्ष नसतं."

तो परत वळला, नळ सोडला. तिला रडू यायला हवं होतं. सगळं जुळत होतं — हाका, ते "हं", ती परवाची रात्रसुद्धा, तेव्हा ती त्याच्या डाव्या कुशीला होती. फारच जुळत होतं. नेमकं आजच का सांगितलं? आजच वर का पाहिलं? मी कुठे बसते हे त्याला माहीत आहे, मग कॅमेरा दिसल्यावर वाटभर हे रचत आला असेल तर? तिला स्वतःची किळस आली, आणि तरी ती त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"मी तुला चौकटीत घातलंय," ती अगदी हळू म्हणाली. "चोरीच्या तपासात. उद्या तुला बोलावतील."

त्याने ताट निथळत ठेवलं आणि दुसरं घेतलं. ती वाकून त्याचा चेहरा बघू लागली, गाल, पापण्या, जबड्याचं हाड, काही हलतंय का. हे त्याला कळावं म्हणून आपण सांगितलंच नव्हतं, त्याचा कान तपासायला सांगितलं होतं, हे तिला तेव्हा कळलं.

"अशी काय बघतेस?" त्याने तिच्याकडे पाहून विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली, तितक्याच हळू.

"बरं," तो म्हणाला आणि ताट विसळू लागला.

मोठ्याने सांगायचं अजून राहिलंच होतं, आणि आज सांगायलाच हवं होतं. पण ती तशीच उभी राहिली. त्याआधी तिला एवढंच कळायला हवं होतं, की तो ऐकून बरं म्हणाला, का ओठ बघून.